खाऱ्या टाकीचा दवाखाना: मासा आजारी पडण्याआधीची तयारी

खाऱ्या पाण्याच्या टाकीतला मासा आजारी दिसला की दोन प्रश्न उभे राहतात: झालंय काय, आणि औषध द्यायचं कुठे? पहिल्याचं उत्तर शोधायला थोडा वेळ मिळू शकतो. दुसऱ्याचं आधीच तयार हवं. ज्या टाकीत कोरल (प्रवाळ), कोळंबी, गोगलगाई आणि लाइव्ह रॉक, म्हणजे बारीक जीव वसलेले समुद्री दगड, आहेत तिथे परजीवींवर चालणारं तांब्याचं औषध टाकता येत नाही. कोरल आणि कोळंबी त्यात मरतात, शिवाय दगड आणि वाळू तांबं शोषून घेतात, त्यामुळे मात्राही टिकत नाही. म्हणून तयारीच्या यादीत सगळ्यात आधी येते ती दुसरी टाकी, म्हणजे माशांचा दवाखाना.

ती किती मोठी घ्यावी? बहुतेक जण एका आजारी माशापुरता विचार करतात आणि तिथेच चुकतात. खाऱ्या पाण्यातला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी, एका माशावर दिसला तर बाकीच्यांच्या कल्ल्यांत तो असतोच असं धरून चालायचं. उपचार सगळ्यांनाच करावे लागतात. म्हणजे मोठ्या टाकीतले सगळे मासे अडीच महिने जिथे राहू शकतील एवढी जागा हवी. दोन क्लाऊन मासे असतील तर चाळीस-पन्नास लिटर पुरतात; टँगसारखा सतत पोहणारा मासा असेल तर शंभर लिटरच्या खाली जाऊ नये. काचेचीच हवी असं नाही, खाण्याच्या वस्तूंसाठीचं स्वच्छ प्लास्टिकचं मोठं टब चालतं. तळाला वाळू नको, दगड नको. लपायला पीव्हीसीचे एल्बो आणि पाइपाचे तुकडे ठेवा. वर जाळीचं झाकण हवंच, घाबरलेला मासा उडी मारतो.

टाकी आणली की एक काम त्याच दिवशी उरकून घ्या. लिटरचं माप असलेल्या बादलीने मोजून पाणी ओता आणि दर दहा लिटरला काचेवर मार्करने रेघ मारा. लांबी-रुंदी-उंचीच्या गुणाकारातून येणारा आकडा आणि आत खरोखर असलेलं पाणी यांत फरक पडतो, आणि तांब्याची मात्रा चुकते ती इथेच.

आता फिल्टर. नव्या टाकीत माशांच्या घाणीतून तयार होणारा अमोनिया खाणारे जीवाणू नसतात आणि आजारी माशाला अमोनिया लवकर मारतो. यावर उपाय स्वस्त आहे: एक स्पंज फिल्टर मोठ्या टाकीच्या संपमध्ये, म्हणजे खालच्या फिल्टरच्या पेटीत, कायम पडून राहू द्या. वेळ आली की तोच उचलून दवाखान्यात लावायचा. त्याच्याबरोबर रोगजंतू आले तरी त्या पाण्यात तांबं असणार आहे. अमोनियाचं टेस्ट किट घरात हवं, आणि त्यावरची मुदतीची तारीख पाहिलेली हवी. अमोनिया बांधून ठेवणारी कंडिशनरं (पाण्यात घालायची रसायनं) मात्र तांब्याच्या औषधाबरोबर वापरू नका. काही कंडिशनरांमुळे तांबं अचानक जास्त विषारी होतं. तिथे उपाय एकच, पाणी बदलणं.

म्हणून तयार खारं पाणी शिलकीत असावं, निदान वीस-तीस लिटरचा झाकणाचा ड्रम. पाणी आरओचं, तेही शेवटी उरलेले क्षार ओढून घेणाऱ्या डीआय रेझिनमधून काढलेलं, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) शून्याच्या जवळ. घरचा पिण्याचा आरओ वापरणार असाल तर नीट बघा: चव राखण्यासाठी बऱ्याच यंत्रांत आरओच्या पडद्यातून न गेलेलं थोडं पाणी मिसळतात, आणि हल्ली पाण्यात तांबं सोडणारी काडतुसंही येतात. ते पाणी कोरलच्या टाकीत एक तांब्याभरसुद्धा जाता कामा नये. ड्रममध्ये सॉल्ट मिक्स टाकून पंपाने ढवळत ठेवा, मग रेफ्रॅक्टोमीटरने (खारटपणा मोजायच्या साधनाने) घनता 1.025 आली का बघा. रेफ्रॅक्टोमीटर 35 पीपीटीच्या, म्हणजे हजार भागांत 35 भाग मिठाच्या, द्रावणाचा थेंब घालून जुळवायचा. साध्या पाण्यावर शून्य दाखवलं म्हणून समाधान मानू नका. बाष्पीभवनाने पाणी कमी झालं की भर गोड्या पाण्याची घालायची, खाऱ्याची नाही, कारण मीठ उडून जात नाही.

आपल्याकडे हीटरपेक्षा उष्णतेची तयारी जास्त करावी लागते. मे महिन्यात मुंबईतल्या खोलीत लहान टाकीचं पाणी सहज 31-32 अंशांवर जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि कल्ले आधीच खराब झालेल्या माशाला तोच हवा असतो. पृष्ठभागावर पंखा लावला की पुण्यात चांगला फरक पडतो. मुंबईच्या दमट हवेत कमी पडतो, तेव्हा एसीची खोली किंवा छोटा चिलर बघावा लागतो. एअर पंप दोन ठेवा, त्यातला एक बॅटरीवर चालणारा. पावसाळ्यात वीज रात्रीच जाते.

औषध कोणतं हे लक्षणांवरून ठरतं, म्हणून आपला मासा तब्येतीने असताना कसा दिसतो ते आधी माहीत हवं. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून ठेवा, शांत असताना मिनिटाला कल्ले किती वेळा हलतात ते मोजून लिहा. क्रिप्टोकॅरिऑनचे ठिपके मिठाच्या कणांसारखे सुटे असतात; व्हेल्वेट हा दुसरा परजीवी, म्हणजे अमायलूडिनियम, अंगावर बारीक पिठी भुरभुरल्यासारखा दिसतो, तोही टॉर्च तिरका धरल्यावर. पण व्हेल्वेट दिसायच्या आधी कल्ल्यांत शिरलेला असतो. निळा टँग अचानक पॉवरहेडच्या (प्रवाह करणाऱ्या पंपाच्या) झोतात तोंड घालून उभा राहिला, उजेड टाळायला लागला, खाणं सोडून भराभर श्वास घ्यायला लागला, तर अंगावर काही नसलं तरी थांबू नका. व्हेल्वेट दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी करू शकतो. क्लाऊनच्या अंगावर बुळबुळीत पांढरट थर येऊन कातडी सोलपटायला लागली तर ते ब्रुकलिनेला, आणखी एक परजीवी. तिथे तांब्याचा उपयोग नाही. त्यावर फॉर्मालिनचा डिप देतात, म्हणजे मासा थोडा वेळ त्या द्रावणात ठेवतात, पण ते माणसालाही घातक रसायन आहे. जाणकाराच्या देखरेखीशिवाय, हातमोज्यांशिवाय आणि बंद खोलीत त्याला हात लावू नये.

तांब्याचं औषध आणि ते मोजायचं साधन एकाच दिवशी विकत घ्या. माझं ठाम मत आहे, टेस्ट नसेल तर औषध घेऊच नये. चिलेटेड कॉपरची, म्हणजे दुसऱ्या रसायनाने बांधून ठेवलेल्या तांब्याची, मात्रा साधारण लिटरमागे 2 ते 2.5 मिलिग्रॅम राखतात. क्युप्रामिनसारख्या दुसऱ्या प्रकारच्या तांब्याच्या औषधाची 0.5 मिलिग्रॅमच्या आसपास. या दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर मासा मरतो किंवा रोग तसाच राहतो. हाना कंपनीचा डिजिटल कॉपर चेकर मिळाला तर उत्तम, रंग जुळवण्याच्या किटमध्ये डोळा फसतो. मात्रा एकदम न चढवता एक-दोन दिवसांत चढवायची, आणि बदलायच्या पाण्यातही तेवढंच तांबं घालून घ्यायचं. ॲक्टिव्हेटेड कार्बन काढून ठेवा, तो औषध ओढून घेतो. तांबं फक्त पोहणाऱ्या अवस्थेतल्या परजीवीला मारतं, माशाच्या कातडीखाली बसलेल्याला नाही. म्हणून ठिपके गेले तरी उपचार थांबवायचे नाहीत. बरेच अनुभवी लोक पूर्ण 30 दिवस धरतात. मँडरिनसारख्या बिनखवल्यांच्या माशाला तांबं कमी सोसतं, त्याच्यासाठी जाणकाराला आधी विचारून ठेवा. पाण्याची घनता 1.009 पर्यंत उतरवण्याचा उपाय क्रिप्टोकॅरिऑनवर चालतो, व्हेल्वेटवर चालत नाही. निदान पक्कं नसेल तर त्यावर विसंबू नका.

टँगला जाळीने पकडू नये. शेपटीच्या बुडाशी त्याला धारदार काटा असतो, तो जाळीत अडकतो आणि सोडवताना मासा फाटतो. पारदर्शक प्लास्टिकचा डबा पाण्यात बुडवून त्यात त्याला हळूच वळवायचं. खाण्यात फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) आणि बिनमिठाचं, बिनमसाल्याचं नोरी (सुकवलेलं समुद्री शेवाळ) फ्रीझरमध्ये असू द्या. लसणाचा वास लावून मासा खात असेल तर लावा, पण लसूण हे औषध नव्हे.

माशांचे आजार कळणारे डॉक्टर कमी आहेत, त्यामुळे नंबर आधीच शोधून ठेवावा. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आणि रत्नागिरीचं मत्स्य महाविद्यालय इथून शिकलेले लोक राज्यभर आहेत. चौकशीला सुरुवात तिथून करता येते.

शेवटी कॅलेंडर. सगळे मासे बाहेर काढल्यावर मोठी टाकी माशांविना ठेवावी लागते, म्हणजे परजीवीला आसरा मिळत नाही. छंदी लोकांत 76 दिवसांचा नियम रूढ आहे, कारण वाळूतल्या परजीवीच्या गाठी काही वेळा खूप उशिरा फुटतात. कोरल आणि कोळंबी त्या काळात तिथेच राहतात. दवाखान्याची जाळी, नळी, बादली यांना लाल टेप लावून वेगळं ठेवा, आणि एका टाकीत घातलेला ओला हात तसाच दुसरीत घालू नका. मासे परत गेले की दवाखाना धुऊन, पूर्ण सुकवून ठेवा. पुढचा विकत आणलेला मासा आधी तिथेच उतरणार आहे.