मुरुड म्हणजे कुठलं मुरुड? गावाच्या नावाची यादी करताना या चुका टाळा

मुंबईतल्या एका ग्रामस्थ मंडळाच्या स्मरणिकेसाठी मी एक पान लिहून दिलं होतं. विषय सोपा वाटला: आपल्या गावाच्या नावाची आणखी गावं कुठे आहेत आणि त्या नावाशी कोण नामवंत जोडलेले आहेत. गाव दापोली तालुक्यातलं मुरुड. मजकूर ठीक होता, पण छपाईच्या घाईत महर्षी कर्व्यांच्या परिच्छेदाशेजारी जंजिऱ्याचा फोटो बसला. मुद्रितं माझ्याच हाताखालून गेली होती, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नव्हती. गणपतीत अंक गावी पोचला. एका आजोबांनी ते पान माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, “आमच्या मुरुडात किल्ला कधी बांधलात हो?”

त्यांचं खरं होतं. त्या मुरुडातून किल्ला बघायचा तर हर्णैला जावं लागतं, आणि तो सुवर्णदुर्ग. जंजिरा आहे तो रायगड जिल्ह्यातल्या मुरुडाचा. तेव्हापासून असं काही लिहायला घेणाऱ्या प्रत्येकाला मी थांबवून चार गोष्टी सांगतो. नाव जितकं कमी ऐकलेलं, तितकी चूक सोपी. ‘शिवाजीनगर’ म्हटलं की आपण आपोआप “कुठलं?” विचारतो. ‘मुरुड’ म्हटलं की वाटतं, असेल एकच.

मुरुडं किती आहेत ते आधी बघू. कोकणात दोन: रायगडातलं तालुक्याचं गाव, आणि दापोलीजवळचं, दुर्गादेवीचं. तिसरं लातूर जिल्ह्यात, बाजारपेठेचं मोठं गाव. कर्नाटकात भटकळ तालुक्यात मुरुडेश्वर आहे, तिथली शंकराची अवाढव्य मूर्ती सगळ्यांनी फोटोत पाहिलेली असते. आणि थेट बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या सारावाक राज्यात, मुरुड नावाचा पर्वत आहे, सुमारे २,४०० मीटर उंच, त्या राज्यातला सर्वांत उंच. हे शेवटचं कळलं की यादी करणाऱ्याचे डोळे चमकतात आणि तो लगेच ‘कोकणातून गेलेल्या दर्यावर्दींनी’ वगैरे लिहायला लागतो. कृपा करून लिहू नका. दोन ठिकाणांचं नाव जुळलं म्हणजे नातं जुळत नाही. यादीत पर्वत जरूर घ्या, वंशावळ जोडू नका.

आता कर्वे. धोंडो केशव कर्व्यांचं गाव मुरुड, हे बरोबर. पण त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवलीला झाला, खेड तालुक्यात. इथे एकात दोन चुका होतात. पहिली: गाव आणि जन्मगाव एक धरणं. दुसरी: ‘खेड’ वाचून पुण्याजवळच्या खेडला पोचणं. ते खेड म्हणजे आजचं राजगुरुनगर. हुतात्मा शिवराम हरी राजगुरूंचा जन्म तिथला, १९०८ सालचा, म्हणून ते नाव. कर्व्यांचं खेड रत्नागिरी जिल्ह्यातलं, जगबुडी नदीकाठचं. परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत शंभरेक मैल पायी गेलेला आणि वय लहान दिसतं म्हणून परत पाठवला गेलेला मुलगा तो हाच. ही गोष्ट लिहिताना नकाशा उघडून दापोलीच्या किनाऱ्यावरून सह्याद्रीपलीकडे रेघ ओढून बघा. जंजिऱ्यापासून ओढलेल्या रेघेत ना दापोली येते ना खेड. आपण कुठल्या मुरुडात उभे आहोत ते गोष्टीतल्या अंतरावरून बऱ्याचदा कळतं.

याच दापोलीच्या मुरुडातले एकोणिसाव्या शतकातले नामवंत वकील रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिकही. ते राहिलेच, तर यादी अर्धी.

मूळ गाव आणि जन्मगाव

कोकणी माणसाच्या बाबतीत ही सर्वांत वारंवार होणारी चूक. आपण चाकरमानी लोक. जन्म एका ठिकाणी, देव दुसऱ्या ठिकाणी, घरपट्टीची पावती तिसऱ्याच्या नावावर. नामवंतांचंही तसंच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, पण जन्म महूचा. नाना फडणवीसांचं, म्हणजे बाळाजी जनार्दन भानूंचं, घराणं वेळासचं. जन्म साताऱ्याचा, १७४२ सालचा. लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरी शहरातला आणि मूळ गाव दापोलीकडचं चिखलगाव. लिहिताना ‘मूळ गाव’ आणि ‘जन्म’ हे दोन शब्द वेगळे ठेवा. ‘अमुक गावचे सुपुत्र’ हा शब्दप्रयोग दोन्ही झाकतो, म्हणून स्मरणिकांना तो प्रिय असतो. मला नाही.

वेळासवरून आठवलं. कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला निघालेली मंडळी दर वर्षी फेब्रुवारी-मार्चात वाट चुकतात. एक वेळास श्रीवर्धन तालुक्यात, दिवेआगरजवळ. दुसरं मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या पलीकडे. कासव महोत्सवाचं आणि नानांचं वेळास हे दुसरं. उत्तरेकडून येत असाल तर बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत घालून वेश्वीला उतरायचं. खाडी ओलांडली नसेल तर तुम्ही चुकीच्या वेळासात आहात. इतकी सोपी खूण आहे.

रोमन अक्षरांच्या भरवशावर राहणं

सर चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १८९६ साली महाडजवळच्या नाते गावी जन्मले. राजापूर तालुक्यात जैतापूरच्या बाजूला नाटे आहे, तिथे यशवंतगड आहे. देवनागरीत त आणि ट यांत गल्लत होण्याचं कारण नाही. पण मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत शोधलं की दोन्हींचं स्पेलिंग तेच. मग कुणीतरी यशवंतगडाच्या बुरुजाखाली ‘चिंतामणरावांचं गाव’ असं लिहून फोटो टाकतो. आणि यशवंतगडही एकच नाही. रेडीलाही यशवंतगड आहे. एका चुकीच्या अक्षरापायी माणूस महाडहून निघून गोव्याच्या वेशीपर्यंत वाहत जाऊ शकतो.

म्हणून शोध देवनागरीत घ्या, आणि पिन कोडचे पहिले तीन आकडे बघा. रायगडच्या किनारपट्टीचा बराचसा भाग ४०२ मध्ये येतो, दापोली-खेड-चिपळूण ४१५ मध्ये, सिंधुदुर्ग ४१६ मध्ये. फक्त ४१६ दिसलं म्हणून सिंधुदुर्ग धरू नका, कारण राजापूर आणि लांजा रत्नागिरी जिल्ह्यात असूनही ४१६ मध्येच आहेत. महाडचं नाते ४०२, राजापूरचं नाटे ४१६. भांडण संपलं.

जिल्ह्याचं जुनं नाव

विनोबा भाव्यांचा जन्म १८९५ सालचा, गागोदे गावचा, ‘कुलाबा जिल्हा’. एका मुलाने शाळेच्या भित्तिपत्रकात ‘विनोबांचा जन्म मुंबईत, कुलाब्याला’ असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे. चूक मुलाची म्हणता येत नाही. आजच्या मुलाला कुलाबा म्हणजे रेल्वेने चर्चगेटला उतरून पुढे जायची जागा. कुलाबा जिल्हा म्हणजे आजचा रायगड. १९८१ मध्ये नाव बदललं. कुलाबा किल्ला अलिबागच्या समुद्रात अजून उभा आहे, ओहोटीला चालत जाता येतं. गागोदे पेण तालुक्यात.

त्याच वर्षी सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा निघाला. त्यामुळे जुन्या मजकुरात ‘मालवण, जि. रत्नागिरी’ दिसलं तर ते चुकीचं समजून खोडू नका. जसं आहे तसं ठेवा आणि पुढे ‘आता सिंधुदुर्ग’ एवढं लिहा. रत्नागिरी हे नावही एकट्याचं नाही: जोतिबाच्या डोंगरावरच्या गावाचं नाव वाडी रत्नागिरी, आणि ओडिशात रत्नागिरी नावाचं प्राचीन बौद्ध विहारांचं ठिकाण आहे.

‘कर’ लावलं की गाव सापडलं?

नाही. आडनावातलं गाव हा पुरावा नसतो, धागा असतो. आंबेडकर हेच उदाहरण घ्या. संगमेश्वर तालुक्यात आंबेड आहे. कुणीही सरळ तर्क करील की आंबेडकर आंबेडचे. पण घराण्याचं आडनाव सकपाळ, गाव आंबडवे. गावावरून आंबडवेकर झालं आणि शाळेत त्याचं आंबेडकर झालं, अशी हकीकत सांगितली जाते. भरीला सावित्रीच्या काठी म्हसळा तालुक्यात आंबेत आहे, ते बॅरिस्टर अंतुल्यांचं गाव. आंबडवे, आंबेड, आंबेत. तिन्ही एकाच पट्ट्यात. घाईत टाइप करणाऱ्याची परीक्षा बघायलाच जणू ठेवली आहेत.

शिरोडकरांचं तसंच. शिरोडा म्हटलं की आमच्याकडे वेंगुर्ले तालुक्यातला शिरोडा: मिठागरं, १९३० चा मिठाचा सत्याग्रह, वि. स. खांडेकरांची शाळा. पण गोव्यात फोंडा तालुक्यातही शिरोडा आहे. गर्भपिशवीच्या तोंडाला घालायचा ‘शिरोडकर टाका’ जगभरच्या डॉक्टरांना ठाऊक आहे. तो शोधणारे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर १८९९ मध्ये गोव्यातल्या शिरोड्यात जन्मले. त्यांना आपल्याकडे ओढायचा मोह मलाही झाला होता, खोटं कशाला बोलू.

दाभोळकर आडनाव दिसलं की दाभोळ, असं धरणाऱ्यांनी वेंगुर्ल्याजवळचं दाभोली विसरू नये. नुसत्या आडनावावरून कुठलं ते ठरत नाही. कुलदैवत कुठलं ते विचारा, मग बोला. आणि दाबोळी, म्हणजे गोव्याचा जुना विमानतळ, तो तर तिसराच. दाभोळच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. नव्वदच्या दशकात गाजलेला ‘दाभोळ वीज प्रकल्प’ दाभोळात नाही. दाभोळ खाडीच्या उत्तरेला, दापोली तालुक्यात. प्रकल्प दक्षिणेला, गुहागर तालुक्यात. दाभोळच्या धक्क्यावरून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीत बसलं की हे दोन मिनिटांत समजतं.

उतरायचं स्टेशन

हे थोडक्यात. टेंबे स्वामींचं, म्हणजे वासुदेवानंद सरस्वतींचं, जन्मगाव माणगाव कुडाळ तालुक्यात आहे. कोकण रेल्वेवरचं माणगाव स्टेशन रायगड जिल्ह्यात. दर्शनाला निघालेल्याने तिथे उतरलं तर अख्खा रत्नागिरी जिल्हा अजून पुढे उभा असतो. कुडाळचं तिकीट काढा.

इतिहास लिहिताना: राजापूर आणि राजापुरी

यात मोठे लोकही घसरतात. राजापूर: अर्जुना नदीवरची जुनी पेठ, मधूनच प्रकटणारी गंगा, उन्हाळे गावचे गरम पाण्याचे झरे. इंग्रजांची वखार इथे होती. पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरला मदत केली, त्याचा हिशेब शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापुरात चुकता केला. राजापुरी: मुरुडजवळचं खाडीवरचं गाव, जिथून आज जंजिऱ्याच्या होड्या सुटतात, जुन्या कागदांत दंडाराजपुरी. तिथला झगडा जंजिऱ्याच्या सिद्दीशी. दोन्ही गोष्टींत सिद्दी आहे, दोन्हींत महाराज आहेत, दोन्हींत ‘राजापु’ आहे, म्हणून वाचणारा एकात दुसरं मिसळतो. सिद्दी जौहर आणि जंजिऱ्याचा सिद्दी हेही एक नव्हेत, तो वेगळाच गोंधळ.

‘जंजिरा’ शब्दालाही जपा. तो अरबीतल्या बेटाच्या शब्दावरून आला, आणि मराठी कागदांत पाण्यातल्या किल्ल्यांना सर्रास लावलेला आढळतो: जंजिरे सुवर्णदुर्ग, जंजिरे विजयदुर्ग. जुन्या पत्रात ‘जंजिरा’ दिसला की मुरुडला पळू नका, पुढचा शब्द वाचा.

छापून गेल्यावर

चूक छापून झाली असेल तर गप्प बसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर त्या पानाचा फोटो आधीच फिरायला लागलेला असतो. दुरुस्तीत चुकीचं वाक्य पुन्हा देऊ नका, लोक तेवढंच लक्षात ठेवतात. बरोबर काय ते तालुक्यासकट लिहा. आम्ही चिठ्ठ्या छापल्या: ‘फोटोतील जंजिरा किल्ला मुरुड (ता. मुरुड, जि. रायगड) येथील. शेजारच्या मजकुरातील महर्षी कर्वे मुरुड (ता. दापोली) येथील.’ दोन रात्री तिघांनी बसून उरलेल्या प्रतींवर डिंकाने चिकटवल्या. वाटलेल्या प्रतींसाठी घरोघर फिरलो.

त्या आजोबांकडे गेलो तेव्हा त्यांनी अंक द्यायला नकार दिला. म्हणाले, “राहू दे तसाच. फोटो झकास आलाय. कुणी विचारलं तर सांगीन, हा आमचा नव्हे.”