राष्ट्रीय महामार्गात जमीन जात असेल तर कोणता कागद कोणाकडे मागावा

राष्ट्रीय महामार्ग हा राज्यघटनेनुसार केंद्राचा विषय आहे, परंतु सातबारा, फेरफार, गाव नकाशा आणि मोजणी ही सगळी राज्याच्या हातातली दप्तरे आहेत. त्यामुळे राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, 1956 नुसार केंद्र सरकार राज्याच्याच महसुली अधिकाऱ्याला ‘सक्षम प्राधिकारी’ म्हणून नेमते. महाराष्ट्रात तो बहुधा प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी, किंवा विशेष भूसंपादन अधिकारी असतो. अधिसूचना दिल्लीहून निघते आणि पैसा केंद्राकडून किंवा महामार्ग प्राधिकरणाकडून येतो. मोजणी, सुनावणी आणि निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) मात्र तालुक्याच्या गावीच होतात. खातेदाराने तक्रार कोठे करायची हे यावरून ठरते. रस्ता कोठून जाणार या आखणीबद्दल प्रांत फारसे काही करू शकत नाहीत, आणि सातबाऱ्यावरील चुकीचे नाव दुरुस्त करणे प्राधिकरणाच्या प्रकल्प कार्यालयाच्या हाती नसते.

सर्वप्रथम नोटिशीच्या डोक्यावर कोणत्या कायद्याचे नाव आहे ते वाचावे. समृद्धी महामार्ग हा राज्याचा प्रकल्प होता आणि तेथील बरीचशी जमीन थेट खरेदीने घेण्यात आली. त्या वेळचे दर आणि मुदती ऐकून राष्ट्रीय महामार्गाच्या प्रकरणात तसेच मिळेल असे गृहीत धरू नये. नोटिशीत 1956 चा अधिनियम असेल, तरच पुढील सांगणे लागू आहे.

पहिली महत्त्वाची अधिसूचना कलम 3ए ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी. ती राजपत्रात येते आणि तिचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत छापला जातो, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील असावे लागते. हरकतीसाठी 21 दिवस मिळतात आणि ते राजपत्रातील तारखेपासून मोजावेत. वृत्तपत्र उशिरा हाती आले म्हणून मुदत वाढत नाही. ही हरकत जमीन या कामासाठी घेण्याबद्दलची असते: गट नंबर चुकला आहे, क्षेत्र जास्त धरले आहे, पर्यायी आखणी शक्य आहे, विहीर किंवा घर वाचू शकते, असे मुद्दे त्यात नेमकेपणाने मांडावेत. ‘दर कमी आहे’ हे येथे लिहून उपयोग नाही, कारण दराचा टप्पा नंतर येतो. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि सुनावणीला स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहावे.

3ए च्या प्रसिद्धीपासून एका वर्षाच्या आत जमीन संपादित होत असल्याची कलम 3डी ची घोषणा निघाली नाही, तर पहिली अधिसूचना निष्प्रभ होते. न्यायालयाच्या स्थगितीचा काळ मात्र यातून वगळला जातो. 3डी राजपत्रात आली की जमीन सर्व बोजांपासून मुक्त होऊन केंद्र सरकारकडे निहित होते. पैसे आणि ताबा हे टप्पे पुढे येतात, पण मालकी त्याच दिवशी बदलते, हे अनेकांना फार उशिरा कळते.

संयुक्त मोजणीच्या दिवशी मात्र घरातील जाणत्या माणसाने शेतात उभे राहिलेच पाहिजे. भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक, तलाठी आणि प्राधिकरणाचा प्रतिनिधी त्या दिवशी एकत्र येतात. पुढील निवाडा बव्हंशी त्या दिवशीच्या नोंदींवर उभा राहतो. झाडे जातीनुसार आणि वयानुसार मोजून घ्यावीत, कारण दहा वर्षांचा कलमी हापूस आणि रायवळ आंबा यांचे मूल्य एक नसते. विहीर, बोअर, जमिनीखालून गेलेली पाइपलाइन, ताली, कुंपण, गोठा हे सगळे पंचनाम्यात आले की नाही ते वाचूनच सही करावी. काही राहिले असल्यास सहीपाशीच तसे लिहावे आणि तारीख असलेली छायाचित्रे जोडून त्याच आठवड्यात प्रांतांकडे अर्ज द्यावा. पुढे फळझाडांचे मूल्यांकन कृषी विभाग, इतर झाडांचे वन विभाग आणि बांधकामाचे सार्वजनिक बांधकाम विभाग करतो. पंचनाम्यात नसलेल्या वस्तूचे मूल्य यांपैकी कोणीही धरत नाही.

मोबदल्याची गणना 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे होते. 3ए च्या तारखेचा बाजारभाव धरताना रेडी रेकनरचा (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला) दर आणि परिसरातील मागील तीन वर्षांच्या खरेदीखतांपैकी वरच्या किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी, यांतील जास्त रक्कम घ्यावी लागते. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयातून सूची 2 च्या, म्हणजे नोंदलेल्या खतांच्या गोषवाऱ्याच्या, प्रती स्वतः काढाव्यात आणि कार्यालयाने कोणती खते धरली व कोणती वगळली याची यादी मागावी. या बाजारभावाला ग्रामीण भागात 1 ते 2 या मर्यादेतील गुणांकाने गुणले जाते, त्यात झाडे व बांधकामाची किंमत मिळवली जाते आणि त्या बेरजेवर तितकीच दिलासा रक्कम दिली जाते. समजा 20 आर जमिनीचा बाजारभाव 4 लाख रुपये निघाला, तर गुणांक 1 असताना दिलासा रकमेसह 8 लाख होतात आणि गुणांक 2 असताना 16 लाख. एका आकड्याने रक्कम दुप्पट होते. राज्याच्या अधिसूचनेतील गुणांक म्हणूनच निवाड्याआधी लेखी विचारून घ्यावा. शिवाय 3ए पासून निवाडा किंवा ताबा यांपैकी जे आधी होईल तेथपर्यंत मूळ बाजारभावावर वार्षिक 12 टक्के वाढीव रक्कम मिळते.

दावे मागवणारी 3जी ची जाहीर सूचना आली की उरलेल्या तुकड्याचाही विचार करावा. रस्त्यामुळे शेताचे दोन भाग झाले, विहीर एका बाजूला आणि पीक दुसऱ्या बाजूला राहिले, तर या नुकसानीचा दावा करण्याची तरतूद कायद्यातच आहे. ती आपणहून कोणी सांगत नाही.

निवाडा मान्य नसल्यास केंद्राने नेमलेल्या लवादाकडे अर्ज करता येतो. ही जबाबदारीही सामान्यतः जिल्हाधिकारी किंवा आयुक्त दर्जाच्या महसुली अधिकाऱ्याकडेच दिलेली असते. देऊ केलेली रक्कम ‘हक्क राखून’ स्वीकारत असल्याचे लेखी द्यावे. लवादाने वाढवून दिलेल्या रकमेवर ताबा घेतल्यापासून ती जमा होईपर्यंत 9 टक्के व्याज मिळू शकते. लवादाच्या निवाड्याविरुद्ध न्यायालयात तीन महिन्यांच्या आत जावे लागते, आणि सबळ कारण असल्यास फार तर आणखी 30 दिवस मिळतात.

पैसे अडकण्याचे सर्वांत मोठे कारण दर नसून सामाईक खाते असते. मुंबई–गोवा महामार्गाच्या कामात कोकणातील खातेदारांना याचा पुरेपूर अनुभव आला: आजोबांचे नाव सातबाऱ्यावर तसेच, वारस मुंबईत, एखादा परदेशात, आणि कुळाचे नाव इतर हक्कात. हिस्स्यांवरून वाद उभा राहिला, तर सक्षम प्राधिकारी तो प्रश्न दिवाणी न्यायालयाकडे पाठवतो आणि रक्कम तेथे पडून राहते. त्यामुळे मोजणीची कुणकुण लागताच वारस नोंद करून घ्यावी, हिस्से लिहून सर्वांची संमती घ्यावी आणि परदेशातील सहहिस्सेदाराचे कुलमुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून मागवावे.

ताब्याची नोटीस बजावल्यापासून जमीन सोडण्यास 60 दिवस मिळतात. त्यानंतर गेलेले आणि उरलेले क्षेत्र वेगळे दाखवणारे कमी-जास्त पत्रक भूमी अभिलेख कार्यालयात तयार झाले का, याचा पाठपुरावा करावा आणि नवा सातबारा हाती घेऊन उरलेले क्षेत्र मोजणीच्या नकाशाशी ताडून पाहावे. पीककर्ज असो वा विक्री, पुढे तोच कागद लागतो.