पाण्याचा रेणू शिकताना या चुका टाळा

कोल्हापुरात मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवतो. दरवर्षी बॅच बदलते, पेपरातल्या चुका मात्र त्याच राहतात. एच-टू-ओ सगळ्यांना पहिलीपासून पाठ असतं, म्हणून मुलं या धड्यावरून धावत जातात आणि नेमकी इथंच पडतात.

माझा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक आधी सांगतो. प्रश्न साधा असतो: पाणी उकळताना येणाऱ्या बुडबुड्यांत काय असतं? वर्गातून ठाम उत्तर येतं, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. एका वर्षी पहिल्या बाकावरचा एक हुशार मुलगा तर वादालाच उभा राहिला. "सर, उकळल्यावर बाँड तुटतोय की! मग दोन्ही गॅस सुटे होणारच." त्याच्या घरी गुऱ्हाळ आहे हे मला ठाऊक होतं. मी विचारलं, "काहिलीत रस तासन् तास उकळतो, खाली चुलवाणात चिपाडं धडधडून जळत असतात. वर जाणारे ते लोट हायड्रोजन-ऑक्सिजनचे असते तर काय झालं असतं?" तो गप्प झाला. या दोन वायूंच्या मिश्रणाला ठिणगी लागली की स्फोट होतो. मग गुऱ्हाळच काय, घरात भाताचं आधणसुद्धा ठेवता आलं नसतं. थोड्या वेळानं तो स्वतःच म्हणाला, "वरच्या पत्र्याला पाण्याचे थेंब लटकलेले असतात, सर." बरोबर. ती पाण्याचीच वाफ होती, थंड पत्र्याला लागून पुन्हा पाणी झाली. मधल्या काळात एकही रेणू फुटला नाही.

आता आकडे बघा. 18 ग्रॅम पाण्याची, म्हणजे एक मोल पाण्याची, वाफ करायला सुमारे 41 किलोज्यूल लागतात. तेवढ्याच पाण्याचे रेणू फोडून सुटे अणू करायचे तर सुमारे 926 किलोज्यूल, म्हणजे बावीस पटीहून जास्त. उकळताना सुटतात ते दोन रेणूंमधले हायड्रोजन बाँड. ऑक्सिजन आणि हायड्रोजन ज्यानं बांधलेत तो सहसंयुज बंध जागचा हलत नाही.

या गोंधळाचं मूळ नावात आहे. बंधात हायड्रोजन दिसला की मुलं त्याला 'हायड्रोजन बाँड' म्हणून मोकळी होतात. रेणूच्या आतला ओ-एच बंध 0.96 अँगस्ट्रॉम लांब असतो. शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे असलेली हायड्रोजनची ओढ म्हणजे हायड्रोजन बाँड, आणि ते अंतर जवळपास दुप्पट असतं. माझी सवय अशी, की पाण्याचा एकच रेणू मी फळ्यावर कधी काढत नाही. किमान तीन काढतो. आतले बंध खडूनं ठळक, रेणूंमधले तुटक. मुलांनाही वहीत आतली रेघ पेनानं आणि बाहेरची पेन्सिलीनं काढायला लावतो. पहिले आठ दिवस कुरकूर होते. पण पेन्सिलीची रेघ खोडता येते, पेनाची नाही, हे हाताला कळलं की उकळण्याचा प्रश्न पुन्हा चुकत नाही.

रेणू सरळ रेषेत काढणं ही दुसरी चूक. इथं माझा खरा राग ट्रिकवर आहे. 'मधे एक, बाजूला दोन, म्हणजे लिनिअर' असं कुठंतरी ऐकून मुलं येतात आणि पाणी कार्बन डायऑक्साइडसारखं काढतात. दुसरा गट 'लोन पेअर (बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी) दिसली की वाकडा' ही ट्रिक घेऊन येतो. झेनॉन डायफ्लोराइडवर तीन लोन पेअर असूनही तो सरळच असतो, तिथं हा गट आपटतो. अहो, इलेक्ट्रॉन मोजायला अर्धा मिनिट लागतो! ऑक्सिजनभोवती चार जोड्या, दोन बंधाच्या, दोन लोन पेअर. चार जोड्या एकमेकींपासून लांब पळतात म्हणून 109.5 अंशांच्या आसपासचा कोन, आणि लोन पेअर जास्त जागा अडवतात म्हणून तो दबून 104.5.

गणपतीच्या दिवसांत मी कुंभाराकडून शाडूचा गोळा आणतो. चार काड्या टोचायच्या, दोन काड्यांच्या टोकाला छोट्या गोळ्या, दोन मोकळ्या. हातात फिरवून बघितलं की सगळा ऑक्सिजन एका अंगाला आणि दोन्ही हायड्रोजन दुसऱ्या अंगाला दिसतात. ऑक्सिजनची इलेक्ट्रोनेगेटिव्हिटी, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढायची ताकद, 3.44, हायड्रोजनची 2.20, त्यामुळे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे ओढले जातात. रेणू वाकडा असल्यानं दोन बंधांची ओढ एकमेकींना मारत नाही, डायपोल मोमेंट, म्हणजे चार्जच्या या असमतोलाचं माप, 1.85 डिबाय उरतो. कार्बन डायऑक्साइडमध्येही बंध पोलर (एक टोक थोडं ऋण, दुसरं थोडं धन) आहेत, पण समोरासमोर ओढाताण होऊन शिल्लक शून्य. बंध पोलर म्हणजे रेणू पोलर, असं परस्पर लिहू नका.

पोलर म्हणजे चार्ज असलेला, असंही लिहू नका. अख्खा रेणू न्यूट्रलच असतो.

साखर किंवा गूळ पाण्यात विरघळला म्हणजे त्याचे आयन (चार्ज असलेले कण) झाले, हेही चूक. मिठाचे आयन होतात. साखरेचे रेणू अख्खेच्या अख्खे पाण्यात पसरतात.

कंगव्याच्या प्रयोगाबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. केसांवर घासलेला कंगवा नळाच्या बारीक धारेजवळ नेला की धार वळते. एका शाळेच्या प्रदर्शनात, ऐन जुलैत, एका मुलीनं हा प्रयोग मांडला होता. बाहेर आपला कोल्हापुरी पाऊस, भिंतींनासुद्धा ओल आलेली. मुलीनं वीस वेळा कंगवा घासला, धार जराही हलली नाही. परीक्षकांनी 'प्रयोग अयशस्वी' लिहिलं आणि पोर रडत बाहेर आली. तिचं काहीही चुकलं नव्हतं. दमट हवेत कंगव्यावर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि चार्ज त्यातून निघून जातो. हा प्रयोग जानेवारी-फेब्रुवारीत करा, केस तेल न लावता धुऊन वाळवलेले हवेत.

पण धार वळली तरी 'पाणी पोलर असल्याचा पुरावा' असं लिहायची घाई नको. कंगव्यामुळं पाण्यातल्या आयनांची हलवाहलव होऊन धारेवर विरुद्ध चार्ज जमतो, ओढीत मोठा वाटा त्याचा असतो. नुसत्या डायपोलवरची ओढ फार क्षीण. पुरावाच हवा तर हायड्रोजन सल्फाइडकडे बघा. त्याचा रेणू पाण्याच्या जवळपास दुप्पट जड, तरी तो उणे 60 अंशांना उकळतो आणि पाणी 100 ला. ही तफावत हायड्रोजन बाँडची आहे, आणि तो बाँड ओ-एच बंध पोलर असल्यामुळंच होतो.

शेवटची चूक रश्श्यावरची. तांबड्या रश्श्यावर तेलाचा तवंग का, या प्रश्नाला मुलं 'तेल नॉन-पोलर म्हणून तरंगतं' असं लिहितात. यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या. तेल पाण्यात मिसळत नाही याचं कारण पोलॅरिटी. वर राहतं याचं कारण घनता. पाण्यात न मिसळणारं कार्बन टेट्राक्लोराइड जड असल्यामुळं तळाला बसतं, आणि पाण्याहून हलकं अल्कोहोल वर न राहता पूर्ण मिसळून जातं. उत्तरात या दोन कारणांची दोन वेगळी वाक्यं दिसली, तरच मी पूर्ण मार्क देतो.