वाहकावरचा चार्ज आणि पोटेन्शियल: या चुका टाळा

बारावीची मुलं वाहकाच्या प्रश्नात अडतात ती गणितामुळे नव्हे. सूत्रं तोंडपाठ असतात. घोळ होतो तो चार्ज, विद्युत क्षेत्र आणि पोटेन्शियल (विभव, म्हणजे दर एकक चार्जमागची ऊर्जा, व्होल्टमध्ये मोजतात ती) यांची सरमिसळ झाल्यामुळे. वाहकावरचा चार्ज स्थिरावला की त्या अख्ख्या वाहकात, आत आणि पृष्ठभागावर, पोटेन्शियल एकच असतं. चार्ज मात्र सगळीकडे सारखा पसरलेला असेलच असं नाही. उत्तराची सुरुवात पोटेन्शियलपासून करायची सवय लागली की निम्म्या चुका होतच नाहीत.

सर्रास दिसणारी चूक म्हणजे "आत क्षेत्र शून्य, म्हणून आत पोटेन्शियलही शून्य". क्षेत्र शून्य असणं म्हणजे पोटेन्शियल जागेनुसार बदलत नाही, एवढंच. 10 सेंमी त्रिज्येच्या धातूच्या एकट्या गोळ्यावर 0.1 मायक्रोकूलॉम चार्ज असेल तर पृष्ठभागावर 9,000 व्होल्ट येतात, आणि अगदी केंद्रातही तेवढेच.

आता याच गोळ्यापासून लांब 2 सेंमी त्रिज्येचा छोटा गोळा ठेवा, त्याच्यावर 0.05 मायक्रोकूलॉम. दोन्ही बारीक तारेने जोडले तर चार्ज कुठून कुठे जाईल? बरीच मुलं बेधडक लिहितात, "जास्त चार्जकडून कमीकडे, म्हणजे मोठ्याकडून छोट्याकडे". इथेच फसगत होते. छोट्याचं पोटेन्शियल 22,500 व्होल्ट आहे, म्हणून धन चार्ज छोट्याकडून मोठ्याकडे जातो. शेवटी दोन्ही 11,250 व्होल्टवर येतात, मोठ्यावर 0.125 आणि छोट्यावर 0.025 मायक्रोकूलॉम उरतो. चार्ज मोठ्यावर पाचपट, पण पृष्ठभागावरची घनता छोट्यावर पाचपट, आणि लगतचं क्षेत्रही तिथेच पाचपट. हे एक उदाहरण स्वतःच्या हाताने पूर्ण सोडवाच. टोकदार भागाशी क्षेत्र तीव्र का होतं, हे त्यातून आपोआप कळतं. "टोकाला पोटेन्शियल जास्त" असं मात्र लिहू नका. कोरड्या हवेत क्षेत्र मीटरला साधारण 30 लाख व्होल्टवर गेलं की ठिणगी पडते, आणि ती मर्यादा टोकापाशी आधी गाठली जाते.

पोकळीतलं क्षेत्र शून्य असतं, पण पोकळीत चार्ज ठेवलेला नसेल तरच. आत +q लोंबकळत ठेवला तर आतल्या भिंतीवर -q येतो. फॅरेडेने 1843 मध्ये बर्फाच्या बादलीने हेच दाखवलं. आणि हे सगळं स्थिर चार्जपुरतं आहे. सेलला जोडलेल्या, प्रवाह वाहणाऱ्या तारेला हे नियम लावायचे नाहीत.

"अर्थिंग केलं म्हणजे चार्ज शून्य" ही चूक प्रयोगशाळेत उघडी पडते. सुवर्णपत्र विद्युतदर्शी म्हणजे वर चकती, खाली सोन्याची दोन पातळ पानं आणि मधला दांडा दुर्वाहक बुचात बसवलेला; चार्ज आला की पानं फाकतात. लोकरीने घासलेला पीव्हीसी पाइप त्याच्या चकतीजवळ, न टेकवता धरा. पानं फाकतील. चकतीला बोट लावा, म्हणजे शरीरावाटे अर्थिंग करा, पानं मिटतील. तरीही चकतीवर धन चार्ज आहेच. शून्य झालंय ते पोटेन्शियल. आधी बोट काढा, मग पाइप. पानं पुन्हा फाकतात. क्रम उलटा झाला तर आलेला चार्ज बोटावाटे निघून जातो आणि प्रयोग फसतो.

आता आपल्याकडची खरी डोकेदुखी. जून ते सप्टेंबर रत्नागिरी-मालवणकडे पानं फाकतात आणि बघता बघता मिटतात. "दमट हवेतून चार्ज वाहून जातो" असं सांगून आपण मोकळे होतो, पण तो मुख्यतः हवेतून जात नाहीच. विद्युतदर्शीच्या बुचावर पाण्याचा अदृश्य थर बसतो, त्यात खाऱ्या वाऱ्याचं आणि बोटांच्या घामाचं मीठ विरघळतं, आणि दुर्वाहक बूच वरच्यावर वाहक होऊन बसतं. विजेच्या खांबांवरच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरचंही तेच: उन्हाळाभर मीठ साचतं आणि पहिल्या रिमझिमीत ते चुरचुरू लागतात. धो धो पावसाने मीठ धुऊन निघालं की आवाज कमी होतो.

त्यामुळे बूच, पाइप आणि लोकर कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसा, हेअर ड्रायरने बूच थोडं गरम करा, समुद्राकडची खिडकी लावून घ्या आणि मग बुचाला हात लावू नका. पानं हळूहळू मिटत असतील तर गळती बुचातूनच आहे. पण पाइप दूर नेताक्षणी ती मिटली, तर बहुधा गळतीचा संबंधच नाही: चकतीला ना पाइप टेकला ना बोट, त्यामुळे चार्ज आलाच नव्हता, आहे तो फक्त इकडून तिकडे सरकला होता. अशा वेळी बूच पुसत बसू नका, प्रयोगाचा क्रम तपासा.