सुगीत शेतावर जाताय? मग नुसते फोटो काढून परत येऊ नका
शरद ऋतूत छोट्या गावात फळतोडणी, भोपळे काढणं वगैरे चालू असतं तेव्हा स्वतःच्या हातानं तोडायला जा, खरी मजा त्यातच आहे. जुने बूट घाला आणि सकाळी लवकर पोचा. कुठल्या ओळीत तोडायचंय ते आधी शेतकऱ्याला विचारा, न विचारता झाडाला हात लावू नका प्लीज, वर्षभराची मेहनत असते त्यांची.

सफरचंद ओढायचं नाही, तळहातात धरून वर उचलायचं आणि हलकंसं पिरगाळायचं, पिकलेलं असेल तर देठासकट अलगद सुटतं, ओढलं तर पुढच्या वर्षीची कळी असलेली छोटी फांदीच तुटून हातात येते. भोपळ्याला नख दाबून बघा, साल कडक लागली की तयार. ३-४ इंच देठ ठेवून कापा, पण उचलताना देठाला धरू नका, तो तुटला की भोपळा तिथूनच सडायला लागतो.

घरी आल्यावर सफरचंदं लगेच धुवू नका, खायच्या वेळी धुवा, आणि पालेभाजीपासून लांब ठेवा कारण सफरचंदांतून इथिलीन (फळं पिकवणारा) गॅस निघतो नि पानं लवकर पिवळी पडतात.