संगीतावरच्या गेमचं परीक्षण लिहिताना: आधी कान, मग आकडा

संगीतावर बेतलेल्या अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग (पात्राची भूमिका घेऊन लढत पुढे जायच्या) गेमचं परीक्षण करायचं असेल तर पहिल्यांदा ब्लूटूथ हेडफोन बाजूला ठेवा. साध्या ब्लूटूथवर आवाज बऱ्याचदा १५० ते २५० मिलिसेकंद मागे पडतो. १२० बीपीएमच्या (मिनिटाला १२० ठोक्यांच्या) लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. म्हणजे तुमचा वार बरोबर समेवर बसला तरी तो अर्ध्या मात्रेपर्यंत हुकलेला वाटणार आणि खापर गेमवर फुटणार. वायरचे हेडफोन लावा, टीव्हीवर गेम मोड (चित्राचा उशीर कमी करणारी सोय) चालू करा. गेममध्ये कॅलिब्रेशनची, म्हणजे उशीर मोजून जुळवून घ्यायची, सोय असेल तर आवाजाचं कॅलिब्रेशन डोळे मिटून करा. पडद्याकडे बघत बटण दाबलं की टीव्हीचा उशीरही त्यात मिसळतो.

आता खरी कसोटी. एक लढाई आवाजासकट खेळा, मग तीच आवाज पूर्ण बंद करून. हाताला काहीच फरक जाणवला नाही, तर संगीत फक्त सजावटीला आहे.

डच ट्रँगल स्टुडिओजचा 'एरेआ' (२०१७) याचं चांगलं उदाहरण. हार्पचं धनुष्य, चेलोचा ढाल-तलवारीसारखा वापर, नऊ आद्य वाद्यांचा शोध. कल्पना खरोखर सुंदर. पण वार कधीही करा, लयीशी त्याचा संबंध नाही. समीक्षकांनी त्याचं स्वागत थंडच केलं ते उगाच नव्हे. उलट 'हाय-फाय रश' (२०२३) रोल-प्लेइंग नसला तरी मोजपट्टी म्हणून जवळ ठेवा: बटण थोडं चुकलं तरी वार ठेक्यावरच पडतो, आजूबाजूची यंत्रंसुद्धा ठेक्यात हलतात. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये ध्वनिरचनेचं पारितोषिक त्यालाच मिळालं.

तानसेन समारोहाला डिसेंबरच्या थंडीत हजिऱ्यावर, तानसेनच्या समाधीपाशी, बसणाऱ्या ग्वाल्हेरच्या वाचकाला "संगीत छान आहे" एवढं पुरत नाही. धून किती वेळाने परत येते ते मोजा. बहुतेक धुना चारच्या हिशेबात असतात, तेव्हा तीनतालाच्या १६ मात्रा हातावर धरून आवर्तनं मोजणं सोपं जातं (तालातली 'खाली', म्हणजे टाळी नसलेली जागा, तिथे शोधू नका, मोजणीपुरताच उपयोग). धून संपून पुन्हा सुरू होते त्या सांध्याकडे कान द्या: झांजेची आस मध्येच तुटली, तर तुकडा नीट जोडलेला नाही. दोन मिनिटांची धून चाळीस मिनिटांच्या भुयारात वाजत असेल तर तसंच लिहा. शत्रू वाढले की नवं वाद्य सामील होतं का, हेही नोंदवा.

इतरांचे आकडे यानंतरच बघा. परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळाची सरासरी भारित असते, म्हणजे काही परीक्षणांना जास्त वजन मिळतं, आणि प्रत्येक कन्सोलची वेगळी. ७५ किंवा त्याहून जास्त हिरवा, ५० ते ७४ पिवळा. छोट्या गेमची परीक्षणं मोजकीच येतात: ७०, ७०, ७० आणि एक ३०, की साधी सरासरी थेट ६०. म्हणून सगळ्यात कमी गुणांचं परीक्षण पूर्ण वाचा. तक्रार लढाईच्या कंटाळ्याची आहे, बगची आहे की संगीताची, ते वेगळं काढा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात मताशेजारी खेळलेले तास दिसतात. अर्ध्या तासाच्या मताला फार वजन देऊ नका.

शेवटी आपल्या परीक्षणात कन्सोल, हेडफोन, खेळलेले तास आणि एकट्याने खेळलात की मित्रांसोबत, हे जरूर लिहा. 'एरेआ' एका पडद्यावर चौघांना खेळता येतो, आणि चौघांत तोच गेम बराच सुसह्य होतो.