उशिरा आलेले उत्तर कोणत्या पडद्याचे?

अँड्रॉइड शिकताना माझे पहिलेच ॲप सर्व्हरला विनंती पाठवताक्षणी कोसळले, कारण ती मी मुख्य थ्रेडवरून (थ्रेड म्हणजे ॲपमधील कामे एकामागून एक उरकणारी रांग) पाठवली होती आणि अँड्रॉइड ३.० पासून त्याला मनाई आहे. पडदा रंगवणे आणि बोटाचे स्पर्श ओळखणे ही दोन्ही कामे याच एका थ्रेडकडे असतात. सेकंदाला ६० वेळा पडदा काढायचा तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६ मिलिसेकंद येतात, आणि स्पर्शाला ५ सेकंद प्रतिसाद मिळाला नाही, तर ॲप बंद करायचे का, असे फोनच वापरकर्त्याला विचारतो.

मग मी असिंकटास्क, म्हणजे काम दुसऱ्या थ्रेडवर करून उत्तर मुख्य थ्रेडवर आणून देणारी अँड्रॉइडची सोय, वापरला आणि प्रश्न मिटला असे समजलो. बाजारभाव दाखवणारे ते ॲप ऑफिसच्या वाय-फायवर उत्तम चाले. प्रात्यक्षिकाच्या दिवशी नेटवर्क मंद होते. कोणीतरी फोन आडवा केला आणि ॲप बंद पडले. फोन फिरवला की जुनी ॲक्टिव्हिटी (ॲपचा एक पडदा सांभाळणारा घटक) नष्ट होऊन नवी तयार होते, हे मला पाठ होते. पण माझे पार्श्वभूमीतील काम जुन्या ॲक्टिव्हिटीलाच धरून बसले होते, आणि उत्तर आल्यावर ते अस्तित्वातच नसलेल्या पडद्यावरचा 'थांबा' हा डायलॉग बंद करू पाहत होते. काम दुसऱ्या थ्रेडवर नेणे सोपे असते. उत्तर येईल तेव्हा ते घ्यायला कोण उरलेले असेल, हे ठरवणे अवघड असते.

२०२० मध्ये अँड्रॉइड ११ बरोबर असिंकटास्क कालबाह्य ठरवण्यात आला, तेव्हा मला हळहळ वाटली नाही. आता मी कोटलिन या प्रोग्रॅमिंग भाषेतील कोरूटीन (मध्येच थांबून पुन्हा सुरू होऊ शकणारे काम) व्ह्यूमॉडेलस्कोपमध्ये, म्हणजे व्ह्यूमॉडेलच्या आयुष्याशी बांधलेल्या कक्षेत, सुरू करतो. पडद्याची माहिती सांभाळणारे व्ह्यूमॉडेल फोन फिरवल्यावरही टिकते आणि वापरकर्ता पडदा बंद करून गेला की त्यातील कामे रद्द होतात. मात्र फंक्शनला नुसते 'सस्पेंड' (हे काम मध्येच थांबू शकते, असे सांगणारा शब्द) लावल्याने काम दुसऱ्या थ्रेडवर जात नाही. मोठी फाइल वाचायची असेल तर डिस्पॅचर्स.आयओ, म्हणजे फाइल आणि नेटवर्कच्या कामांसाठी राखलेला थ्रेडचा गट, स्वतः सांगावा लागतो. हे न कळल्याने माझे दोन दिवस वाया गेले. तसेच सरसकट सगळे एक्सेप्शन (काही बिघडल्यावर कोडमधून येणाऱ्या सूचना) पकडले, तर काम रद्द झाल्याची सूचनाही, तीही एक्सेप्शनच असल्याने, त्यातच गिळली जाते आणि वापरकर्ता मागे गेल्यावरही त्रुटीचा संदेश उमटू शकतो.

हल्ली मी एम्युलेटरमध्ये (संगणकावरील आभासी फोनमध्ये) नेटवर्कचा प्रकार 'एज', म्हणजे जुने मंद मोबाइल नेटवर्क, ठेवतो आणि उत्तर यायच्या आत फोन फिरवतो, मागे जातो, पुन्हा तोच पडदा उघडतो.